राउटरला लावायची डिस्क कशात फॉरमॅट करू?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. जत्रांमधल्या दशावतारी नाटकांचं चित्रण करायचा नाद आहे. कॅमेऱ्यातले तुकडे जोडून एका नाटकाची एक फाइल करतो. घरात सगळ्यांना बघता यावं म्हणून २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क राउटरच्या यूएसबी पोर्टला लावली, तर राउटरला ती दिसेचना. दुकानदाराने ‘फॅट-३२ सगळीकडे चालतं’ म्हणत तशी फॉरमॅट करून दिली. आता डिस्क दिसते, पण नाटकाची फाइल टाकायला गेलं की ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो. जागा तर सगळी रिकामी आहे! घरात विंडोजचा लॅपटॉप, सुनेचा मॅक, टीव्ही आणि फोन आहेत. या सगळ्यांना चालेल असं फॉरमॅट कोणतं?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : गुरुजी, लॅपटॉप, मॅक, टीव्ही, फोन ही यादी आधी बाजूला ठेवा. डिस्क राउटरला लावली की ती वाचणारा आणि तिच्यावर लिहिणारा एकटा राउटर असतो. बाकीचे त्याच्याकडे नेटवर्कवरून फाइल मागतात. बँकेत आपण स्लिप भरून देतो. कारकुनाच्या खातेवहीत रकाने कसे आखलेत याच्याशी आपल्याला काय करायचंय? म्हणून ‘माझ्या राउटरला काय चालतं’ एवढंच विचारायचं.

दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे. फॅट-३२ जवळपास सगळे राउटर ओळखतात. पण ही १९९६ सालची व्यवस्था आहे आणि तिच्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही. डिस्क कितीही रिकामी असो. तुमचा कॅमेरा २४ एमबीपीएसने (सेकंदाला २४ मेगाबिट) चित्रण करत असेल तर साधारण २४ मिनिटांत ४ जीबी भरतात. दोन तासांच्या फाइलचे होतात २१ जीबीच्या वर, आणि दशावतार काय दोन तासांत आटोपतो? फॅट-३२ तुमच्या कामाचं नाही, एवढं नक्की. (३२ जीबीहून मोठ्या डिस्कला विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी हा पर्याय दाखवतसुद्धा नाही. दुकानदाराने वेगळं सॉफ्टवेअर शोधून, मेहनत घेऊन तुमची पंचाईत केली आहे.)

डिस्क आधी दिसत नव्हती, म्हणजे ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सफॅट’ या फॉरमॅटमध्ये असणार. हल्लीच्या बऱ्याच पोर्टेबल डिस्क तशाच येतात. तिथे फाइलच्या आकाराची अडचण नाही, पण राउटरची आहे. बहुतेक घरगुती राउटरच्या आत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असते. एक्सफॅटचा तांत्रिक तपशील मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये खुला केला, त्यानंतर ते लिनक्समध्ये रीतसर आलं. राउटरमधलं लिनक्स मात्र अनेकदा त्याच्या आधीचं असतं. राउटरने एक्सफॅट ओळखलं असतं तरी मी तुम्हाला ते सुचवलं नसतं. त्यात जर्नल नाही. जर्नल म्हणजे डिस्कवर काय बदल चाललाय त्याची आधी केलेली नोंद. लिहिता लिहिता वीज गेली तर त्या नोंदीवरून डिस्कची सूची पुन्हा जुळवता येते. चालू असलेली फाइल अर्धवट राहील, पण बाकीची नाटकं शाबूत राहण्याची शक्यता पुष्कळ वाढते. मिरगाचा पाऊस सुरू झाला की तुमच्याकडे वीज कशी असते हे मी तुम्हाला काय सांगावं!

जर्नल असलेले पर्याय दोन : एनटीएफएस आणि ईएक्सटी-४. पहिलं विंडोजचं, दुसरं लिनक्सचं स्वतःचं. राउटरच्या अशक्त प्रोसेसरवर दुसऱ्याचा भार कमी पडतो, म्हणून वेगही सहसा बरा मिळतो. पण डिस्क काढून लॅपटॉपला लावली तर विंडोज ती वाचणार नाही, उलट ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारेल, आणि घरातलं कुणीतरी ‘हो’ म्हणेल. त्यात मराठी नावांची एक गोम आहे. ईएक्सटी-४ मध्ये फाइलचं नाव २५५ बाइटपुरतं असतं आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, ३ बाइट खातं. ‘दशावतार’ एवढ्यालाच २१ बाइट लागतात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. कंपनीचं नाव, गाव, जत्रा, आख्यान, तारीख असं सगळं नावातच लिहायची सवय असेल तर ती मोडा. गावाचा फोल्डर करा, त्यात वर्षाचा, आणि फाइलचं नाव आटोपशीर ठेवा. एनटीएफएसमध्ये मर्यादा सैल आहे, तरी आतलं लिनक्स लक्षात घेता तिथेही हेच करा.

तुमच्यासाठी माझं मत एनटीएफएस. डिस्क थेट लॅपटॉपला लावून २१ जीबीची फाइल भरता येईल. वायफायवरून ते काम फार रेंगाळतं. सूनबाईंच्या मॅकचं काय? मॅक एनटीएफएस वाचतो, पण त्यावर लिहीत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगितलं असेलच. ते डिस्क थेट मॅकला लावली तर. राउटरमार्फत त्या खुशाल फाइल टाकू शकतील, कारण लिहिणार राउटर.

पण माझ्या मतावर जाऊन लगेच डिस्क पुसू नका. घरातला एखादा जुना रिकामा पेनड्राइव्ह घ्या, तो एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून राउटरला लावा. लॅपटॉपवरून, नेटवर्कमार्फत, मराठी नावाची एक फाइल त्यात टाका, उघडा, पुसून बघा. काही राउटर एनटीएफएस नुसतं वाचतात, हे तेव्हाच कळेल. नावाच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर तेही. सगळं जमलं की डिस्कवरचं असेल-नसेल ते दुसरीकडे उतरवून मग फॉरमॅट करा. ‘क्विक फॉरमॅट’वर खूण राहू द्या, नाहीतर २ टीबीला कित्येक तास बसून राहाल. डिस्क काढताना राउटरच्या सेटिंगच्या पानावरचं ‘सेफली रिमूव्ह’ दाबल्याशिवाय वायर ओढू नका.

फॉरमॅट बरोबर असूनही डिस्क मधूनच गायब होत असेल, टकटक आवाज येत असेल, तर बहुधा वीज कमी पडतेय. अडीच इंची डिस्क फिरायला लागताना सुमारे १ अँपिअर मागते आणि यूएसबी २ चा पोर्ट द्यायला बांधील असतो ५०० मिलिअँपिअर. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घाला. आणि टीव्हीवर डिस्क दिसते पण विंडोजवर नाही, असं झालं तर राउटर एसएमबी-१ ही नेटवर्कवरून फाइल देण्याची जुनी पद्धत वापरत असेल. विंडोज १० ने ती २०१७ पासून मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. त्याच वर्षी ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा व्हायरस तिच्यातल्या भोकातून जगभर पसरला होता. ती लॅपटॉपवर चालू करत बसू नका, राउटरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून बघा.

एकदा होऊन गेलेली जत्रा परत चित्रित करता येत नाही, तेव्हा दुसरी डिस्क घेऊन प्रत ठेवाच. ती कपाटात, राउटरला नाही.

प्रश्न : माझ्या डिस्कवर मॅकचं एपीएफएस आहे. राउटरला दिसत नाही. फॉरमॅट न करता काही करता येईल?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : राउटरकडून नाही. एपीएफएस घरगुती राउटरना सहसा कळत नाही. डिस्क मॅकलाच लावून ‘फाइल शेअरिंग’ चालू करा. मात्र मॅक जागा असेल तोवरच ती बाकीच्यांना दिसेल. पुढे कधी मॅकवर एक्सफॅट केलंत तर ‘स्कीम’ (डिस्कची आखणी) या रकान्यात ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ निवडा. ‘जीयूआयडी’ आखणी काही जुन्या राउटरना ओळखता येत नाही. २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कला हा उपाय लागू नाही.