रोज चालते, मग उठताना हात का टेकावा लागतो?

नागपूरच्या महाल भागातल्या ६१ वर्षांच्या एक काकू आल्या त्या हिरमुसूनच. "मी तर रोज एक तास गांधीबागेत चालून राहिली ना, मग खाली बसली की उठताना हात काऊन टेकावा लागते?" ही तक्रार साठीच्या आसपासची बरीच मंडळी करतात, आणि ती खरी असते.

आधी त्यांना आठवडाभर घड्याळ लावून चालायला सांगितलं. साठ मिनिटांतली दहा मैत्रिणींची वाट बघण्यात जात, पंधरा बाकावर, पंधरा भाजी घेत रमतगमत परतण्यात. दमदार चाल उरली वीस मिनिटं, तीही आठवड्यातून पाच दिवस. म्हणजे १००. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम हवा. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. काकूंना रोज दहाच मिनिटं वाढवायची होती.

खरी उणीव दुसरीकडे होती. त्याच शिफारशीत आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. काकूंचा तो शून्य होता. २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेसे सक्रिय नव्हते, असा याच संघटनेचा अंदाज आहे. त्यात ताकदीचा हिशेब धरलेलाच नाही.

खुर्चीवरून हात छातीशी धरून तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं, ते मोजलं. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला किमान १२ जमायला हवेत. काकूंचे आले ८. चालताना वजन पेलणारा गुडघा थोडासाच वाकतो. जमिनीवरून उठताना मांड्या आणि नितंबांना पूर्ण वाकलेल्या स्थितीतून सगळं वजन उचलावं लागतं. ते काम चालण्यातून होत नाही.

मग मंगळवार आणि शुक्रवार ठरले. खुर्ची भिंतीला टेकवायची, पावलं खांद्यांएवढ्या अंतरावर ठेवायची, श्वास सोडत उठायचं आणि तीन मोजत हळू बसायचं. आठ ते बारा वेळा, दोन फेऱ्या, मध्ये एक-दोन मिनिटं विश्रांती. शेवटचे दोन जड जायला हवेत. सलग दोनदा बारा सहज झाले की छातीशी दोन किलो तांदळाची पिशवी धरायची. जोडीला भिंतीवरचे दंड, टाचा उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं आणि पिशवी कमरेपर्यंत ओढणं.

तिसऱ्या आठवड्यात घोटाळा झाला. उत्साहात सलग चार दिवस केलं आणि गुडघा दुखायला लागला. बघितलं तर उठताना गुडघे आत वळत होते आणि श्वास रोखलेला. काकूंना रक्तदाबाची गोळी आहे, म्हणून श्वासाचं विशेष बजावलं. श्वास रोखून जोर लावला की दाब एकदम चढतो. आसनावर घडी केलेली सतरंजी ठेवून उंची वाढवली, गुडघे पावलांच्या रेषेत आणले आणि मध्ये किमान एक दिवस सोडला. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं, हे पहिल्या दिवशीच लिहून दिलं होतं.

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा चालणं पहाटे साडेपाचला सरकलं आणि दोन-तीनदा बुडालंही. ताकदीचा व्यायाम मात्र कूलरसमोर चालू राहिला.

दहाव्या आठवड्यात खुर्चीचा आकडा १२ झाला. जमिनीवरून उठताना अजून एक हात टेकावा लागतो, म्हणून आता खुर्चीऐवजी बुटका स्टूल घेतला आहे.