हवेतील अल्पांश वायू आणि गोव्याचा समुद्र

प्रश्न : नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आरगॉन या तीन वायूंनीच जवळजवळ सगळी हवा बनलेली आहे, असे मुलीच्या पाठ्यपुस्तकात वाचले. मग उरलेल्या नगण्य वायूंची एवढी चिंता का केली जाते? आणि पुस्तकातील टक्केवारी आपल्या पावसाळी हवेलाही लागू पडते का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो. नायट्रोजन ७८.०८, ऑक्सिजन २०.९५ आणि आरगॉन ०.९३ टक्के हे आकडे कोरड्या हवेचे आहेत. बाष्पाचे प्रमाण स्थळ-काळानुसार फार बदलत असल्याने ते वगळूनच कोष्टक मांडतात. जून महिन्यात किनाऱ्यावर दवबिंदू, म्हणजे हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, तेव्हा आपल्या हवेत सुमारे ३ टक्के, म्हणजे आरगॉनच्या तिपटीहून अधिक बाष्प असते आणि तेवढ्या प्रमाणात इतर वायूंचा वाटा घटतो.

आता चिंतेविषयी. वायू किती आहे यापेक्षा त्याच्या रेणूची घडण कशी आहे, हे येथे निर्णायक ठरते. नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या रेणूंत दोन सारखेच अणू असतात, तर आरगॉनचा अणू एकटाच असतो. त्यामुळे जमिनीतून बाहेर पडणारे अवरक्त (उष्णता वाहून नेणारे अदृश्य) किरण त्यांच्यातून जवळजवळ अडथळ्याविना निघून जातात. बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र ते शोषून घेतात. हे वायू नसते, तर पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे उणे १८ अंश राहिले असते. औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाख भागांत सुमारे २८० भाग असलेला कार्बन डायऑक्साइड आज ४२० च्या वर गेला आहे, ही वाढ म्हणूनच क्षुल्लक नाही.

यांपैकी नायट्रस ऑक्साइडकडे गोमंतकीयांनी विशेष लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगत खोलवरचे, मुळातच कमी ऑक्सिजनचे पाणी वर सरकते; त्यावर पावसाच्या व नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर पसरल्याने हवेतील ऑक्सिजन खाली पोहोचत नाही आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाजवळचा ऑक्सिजन जवळजवळ संपतो. मग सूक्ष्मजीव ऑक्सिजनऐवजी पाण्यातील नायट्रेटवर (नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयुगावर) गुजराण करतात व त्या प्रक्रियेत हा वायू साचतो. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली त्याची नोंद प्रसिद्ध केली. शेतातून वाहून येणाऱ्या नत्रखतांमुळे ही स्थिती तीव्र होत असावी, असा त्यांचा कयास होता. हवेत गेलेला नायट्रस ऑक्साइड शंभराहून अधिक वर्षे टिकतो आणि तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत शतकभरात सुमारे २७० पट तापवृद्धी घडवतो.