मॅक ओएस ९ : प्रोग्रामची मेमरी-मर्यादा वाढवण्याआधी मोजून पाहा

आपल्या मॅकवर मॅक ओएस ९ आहे, यंत्रात १२८ मेगाबाइट रॅम आहे, तरीही चित्र-संपादनाचा प्रोग्राम मोठी फाइल उघडताना मेमरी अपुरी असल्याचे सांगतो. तेव्हा त्याची मर्यादा कुठे आणि किती वाढवावी, असा आपला प्रश्न आहे. आकडा बदलणे सोपे आहे. तो किती ठेवावा हे मात्र आधी मोजून ठरवावे, असा माझा आग्रह आहे.

या प्रणालीत प्रोग्राम सुरू होतानाच त्याच्यासाठी मेमरीचा एक सलग तुकडा राखून ठेवला जातो आणि पुढे काम कितीही वाढले तरी सहसा त्याला तेवढ्यातच भागवावे लागते. १९८७ साली मल्टीफाइंडरबरोबर (मॅकवर एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालवण्याची सोय) आलेली ही पद्धत मॅक ओएस ९ पर्यंत टिकली. त्यामुळे निम्मी रॅम मोकळी असतानाही एखादा प्रोग्राम अडतो, आणि उलट, एकाला गरजेपेक्षा जास्त जागा दिली तर ती न वापरता अडकून पडते व दुसऱ्याला मिळत नाही.

म्हणून आधी तो प्रोग्राम सुरू करून नेहमीच्या आकाराची फाइल उघडावी, मग फाइंडरमध्ये (फायली आणि चिन्हे दाखवणारा मॅकचा मूळ प्रोग्राम) येऊन ॲपल मेनूतील ‘अबाउट धिस कॉम्प्युटर’ पाहावे. तेथे प्रत्येक प्रोग्रामपुढे एक पट्टी दिसते. तिची पूर्ण लांबी म्हणजे राखलेली जागा आणि भरलेला भाग म्हणजे प्रत्यक्ष वापर. हेल्प मेनूतून बलून (माउसखालच्या गोष्टीची माहिती देणारे फुगे) चालू करून पट्टीवर माउस नेल्यास वापराचा आकडाही कळतो. पट्टी जवळजवळ भरलेली असेल तरच मर्यादा वाढवण्यात अर्थ आहे.

मग प्रोग्राम पूर्ण बंद करावा (खिडकी मिटणे पुरेसे नाही, ‘क्विट’ करावे लागते), फाइंडरमध्ये त्याचे मूळ चिन्ह निवडावे, एलियस (मूळ प्रोग्रामकडे नेणारे दुसरे चिन्ह) नव्हे, आणि कमांड व आय या कळा एकत्र दाबाव्यात. उघडलेल्या खिडकीत ‘शो’ या यादीतून ‘मेमरी’ निवडल्यावर तीन आकडे दिसतात. ‘सजेस्टेड’ हा निर्मात्याने सुचवलेला असतो व बदलता येत नाही. ‘प्रिफर्ड’ हा आपण वाढवायचा आकडा. तो किलोबाइटमध्ये असतो, म्हणजे १६ मेगाबाइटसाठी १६३८४ लिहावे लागते. मी एका वेळी साधारण चौथ्या हिश्शाने वाढवतो आणि पुन्हा पट्टी पाहतो.

‘मिनिमम’ला मात्र सहसा हात लावू नये. तो कमी केल्यास प्रोग्राम अपुऱ्या जागेतही सुरू होतो आणि काम चालू असताना मध्येच कोसळू शकतो; जतन न केलेले काम त्याबरोबर जाते. एवढे कष्टाचे काम एका आकड्यापायी गमावणे फार क्लेशदायक असते.

आकडा वाढवूनही फरक पडला नाही, तर ‘अबाउट धिस कॉम्प्युटर’मधील ‘लार्जेस्ट अनयूज्ड ब्लॉक’, म्हणजे मोकळ्या मेमरीचा सर्वांत मोठा सलग तुकडा, पाहावा. प्रिफर्डइतकी सलग जागा नसली, पण मिनिममइतकी असली, तर प्रणाली काहीही न सांगता उपलब्ध जागेतच प्रोग्राम सुरू करते. तीन-चार प्रोग्राम वेगवेगळ्या क्रमाने उघडून बंद केले की मोकळी मेमरी तुकड्या-तुकड्यांत विखुरते. अशा वेळी सगळे प्रोग्राम बंद करावेत, किंवा सरळ यंत्र पुन्हा सुरू करून सर्वांत मोठा प्रोग्राम आधी उघडावा.

व्हर्च्युअल मेमरीची, म्हणजे डिस्कची काही जागा मेमरीसारखी वापरण्याची, सोय ‘मेमरी’ कंट्रोल पॅनेलमध्ये आहे. पॉवरपीसी प्रोसेसर असलेल्या यंत्रावर ती चालू असल्यास बऱ्याच प्रोग्रामांची गरज कमी होते, आणि किती कमी-जास्त होईल याची नोंद त्याच माहितीच्या खिडकीत तळाशी येते. व्हर्च्युअल मेमरी प्रत्यक्ष रॅमपेक्षा १ मेगाबाइट जास्त ठेवणे बहुतेक कामांना पुरते. त्याहून फार मोठी ठेवल्यास डिस्कवरची ये-जा वाढून यंत्र मंदावते. बदल यंत्र पुन्हा सुरू केल्यावरच लागू होतो, म्हणून वरील मोजमाप त्यानंतर एकदा पुन्हा करावे.