सिडनी हार्बर पुलाखालून खरोखरच लँकेस्टर बॉम्बर विमान नेले होते का, आणि त्या वैमानिकाचे पुढे काय झाले?

होय, नेले होते. वैमानिकाचे नाव पीटर आयझॅकसन. 1920 साली लंडनमध्ये जन्मलेले आणि लहानपणीच ऑस्ट्रेलियात आलेले आयझॅकसन युद्धकाळात ऑस्ट्रेलियन हवाईदलात दाखल झाले आणि ब्रिटनच्या बॉम्बर कमांडकडून लढले. पुढे त्यांची निवड ‘पाथफाइंडर’ दलात झाली. मुख्य ताफा येण्याआधी लक्ष्यावर पोहोचून, रंगीत प्रकाशगोळे टाकून ते दाखवून देणे, हे या दलाचे काम होते; साहजिकच शत्रूच्या तोफा सर्वांत आधी त्यांच्याच विमानांवर रोखल्या जात. बॉम्बर कमांडच्या सुमारे 1,25,000 वैमानिक व सहकाऱ्यांपैकी 55,573 जण मारले गेले, हे लक्षात घेता त्यांचे वाचणे हेच नवल म्हणावे लागेल.

1943 मध्ये ‘क्यू फॉर क्वीनी’ हे लँकेस्टर इंग्लंडहून प्रशांत महासागरावरून ऑस्ट्रेलियात आणण्याची कामगिरी त्यांच्यावर सोपवण्यात आली. युद्धकर्जाच्या प्रचारासाठी ते विमान देशभर फिरवले जात असताना, 22 ऑक्टोबर रोजी त्यांनी ते पुलाखालून नेले. पुलाखाली पाण्यापासून जेमतेम 49 मीटर उंची, आणि विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे 31 मीटर! लष्करी न्यायालयासमोर उभे करण्याची भाषा झाली खरी, पण प्रकरण पुढे गेले नाही. (माझ्या मते हा धाडसापेक्षा आगाऊपणाच अधिक होता.)

युद्धानंतर त्यांनी मेलबर्नमध्ये वृत्तपत्र-प्रकाशनाचा मोठा व्यवसाय उभारला. 2017 साली, वयाच्या 96व्या वर्षी त्यांचे निधन झाले.