मुलगी हलते, की हात?

प्रश्न : दीड महिन्यापूर्वी मला माझा पहिला डिजिटल एसएलआर (लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला कॅमेरा) मिळाला. वापरलेला आहे, सोबत कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी १८-५५ एमएमची झूम, म्हणजे किट लेन्स. चार वर्षांच्या मुलीचे फोटो काढायचे, एवढ्यासाठीच घेतला. घरात ऑटोवर ठेवला की फ्लॅश उघडतो आणि तिचा चेहरा पांढराफटक येतो. फ्लॅश बंद केला तर दहातले आठ फोटो धूसर. त्यातल्या एकाची माहिती उघडून पाहिली : शटर १/३० सेकंद, अ‍ॅपर्चर एफ/५.६, आयएसओ ४००. ‘एम’वर (सगळे आकडे आपणच ठरवायचे) टाकला की फोटो कधी काळाकुट्ट, कधी पांढरा. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं, शटर म्हणजे प्रकाश किती वेळ आत, आयएसओ म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील, हे अर्थ पाठ आहेत, पण कॅमेरा डोळ्याला लावला की काही सुचत नाही. ५० एमएमची लेन्स घे, असं सगळे सांगतात. घेऊ का?
ता. क. व्ह्यूफाइंडरमधून सगळं जरा अंधुकच दिसतं. शिवाय वरच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका आहे.

उत्तर : लेन्सचं नंतर बघू. आधी ती अंधुकता, कारण ती दहा सेकंदांत जाईल. व्ह्यूफाइंडरच्या कडेला एक बारीकसं चाक असतं. आत खाली जे आकडे दिसतात त्यांच्याकडे बघत ते चाक फिरवा आणि आकडे रेखीव दिसले की थांबा. ते चाक तुमच्या डोळ्याच्या नंबरासाठी आहे, फोटोशी त्याचा संबंध नाही. माझ्याकडे कुणी नवा कॅमेरा घेऊन शिकायला आलं, की मी सगळ्यात आधी हेच चाक बघते. निम्म्या लोकांना ते आहे हेच ठाऊक नसतं आणि आपला फोकसच चुकतोय असं वाटून ते हिरमुसलेले असतात.

आता धूसर फोटो. त्यातले पाच कॉम्प्युटरवर उघडा आणि पूर्ण मोठे करून बघा. मुलीकडे नाही, तिच्या मागच्या खुर्चीकडे. खुर्ची, भिंत, मुलगी सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हलला. खुर्ची कोरल्यासारखी स्वच्छ आणि मुलीचा हात मात्र फराटा झालेला, तर ती हलली. खुर्ची स्वच्छ, मुलगी स्थिर, पण चेहरा मऊ पडलेला, तर फोकस खुर्चीवर बसला. तिन्हींना आपण ‘धूसर’ म्हणतो, पण उपाय तीन वेगळे आहेत. लेन्सवर कंपन रोखण्याची सोय असली तरी ती फक्त तुमचा हात सावरते, मुलगी पळत असेल तर तिचा काही उपयोग नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये फोकसचे जे बिंदू दिसतात, ते सगळे कॅमेऱ्याला देऊ नका. एकच बिंदू निवडा, तो मुलीच्या जवळच्या डोळ्यावर ठेवा, बटण अर्धं दाबा आणि लगेच पूर्ण दाबा. मध्ये थांबलात तर ती तिथून गेलेली असते.

तुमचे आकडे बघता मला दुखणं शटरचंच वाटतं. चार वर्षांच्या मुलासाठी १/३० फार हळू आहे. ते खेळत असेल तर निदान १/२५० हवा, उड्या मारत असेल तर १/५००. आणि एफ/५.६ म्हणजे बहुधा तुम्ही दूर उभं राहून झूम पुढे ओढला होता. एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं, आणि या लेन्सचं तोंड १८ला एफ/३.५ एवढं उघडतं, ५५ला मात्र एफ/५.६च्या पुढे उघडत नाही. म्हणजे झूम ओढताक्षणी आत येणारा प्रकाश निम्म्याहून कमी होतो. तोच फोटो मागे झूम करून, एफ/३.५ला काढला असता तर १/३०चा जवळपास १/८० झाला असता. त्यावर आयएसओ ४००चा १६०० केला की १/३२०. खोली तीच, लेन्स तीच! तुम्ही जे पाठ केलंय ते हेच. पण ते असं आपल्याच बिघडलेल्या फोटोवर मांडून बघितलं की डोक्यात बसतं. फक्त १८ला अगदी नाकाशी जाऊ नका, चेहरा ताणल्यासारखा येतो. थोडं मागे राहा, खोलीही येऊ द्या. तिची खेळणी, सांडलेले खडू फोटोत असलेले मला तरी फार आवडतात.

‘एम’ सध्या सोडा. डायल ‘एस’वर ठेवा (कॅननवर त्याला ‘टीव्ही’ लिहिलेलं असतं; यात शटर तुम्ही ठरवता, अ‍ॅपर्चर कॅमेरा), शटर १/२५०, आयएसओ ऑटो आणि त्याची कमाल मर्यादा ३२००. फोटोत रव्यासारखे ठिपके, रवाळपणा येईल, येऊ द्या. रवाळ फोटोतलं हसू दिसतं, हललेल्या फोटोतलं दिसत नाही.

आणि एका दुपारी फोटो न काढता एवढं करा. खिडकीजवळ खुर्ची ठेवा, तिच्यावर मळकट रंगाचं काहीतरी टाका. डायल ‘ए’वर (कॅननवर ‘एव्ही’; यात अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा), एफ/५.६, आयएसओ ८००. खुर्चीने चौकट भरेल इतकं जवळ जा, बटण अर्धं दाबा आणि शटरचा आकडा वाचा. मग खुर्ची एक मीटर आत सरकवा, पुन्हा वाचा. आणखी एक मीटर, पुन्हा. आकडा घसरत जाईल, आणि तुमच्या डोळ्यांना मात्र खोली जवळजवळ सारखीच उजळ वाटत राहील. आपली नजर उजेडाशी इतकी पटकन जुळवून घेते की तो कमी झालाय हे ती कळूच देत नाही. मी फिल्मवर शिकले. छत्तीस फोटोंचा रोल, शेजारी वही, प्रत्येक फोटोचे आकडे लिहायचे. पहिल्या रोलमध्ये आजी खिडकीत बसलेली होती. मला तिच्या गालावरची सुरकुती न् सुरकुती दिसत होती. धुऊन आलं तेव्हा खिडकीबाहेरचं झाड सुंदर आणि आजी काळी आकृती. कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाने बाहेरचा उजेड मोजला होता, मी आजीला बघत होते. तो प्रिंट अजून माझ्याकडे आहे. तुम्हाला स्क्रीनवर लगेच दिसेल, तेव्हा अशा वेळी प्लस-मायनसचं बटण धरून +१ करा आणि पुन्हा काढा.

५० एमएम, एफ/१.८ चांगलीच लेन्स आहे. एफ/५.६च्या तुलनेत साधारण दहापट प्रकाश आत घेते. पण दीड मीटरवरून पूर्ण उघडी वापरली तर जेमतेम सहा-सात सेंटीमीटर भाग रेखीव येतो. डोळा नीट, कान गेला. पळत्या मुलीवर ते नवशिक्याला अवघड जातं. शिवाय १८-५५ची किट लेन्स ज्यांच्याबरोबर येते त्या एसएलआरचा सेन्सर (प्रकाश टिपणारा पडदा) लहान असतो, त्यावर ५०ची चौकट घरात फार अरुंद होते. म्हणून आधी किट लेन्सच्या झूमची रिंग ५०वर आणून तिला चिकटपट्टी लावा आणि पंधरा दिवस तशीच वापरा. दर वेळी पाठ भिंतीला टेकत असेल तर ५०ची लेन्स तुमच्या घरासाठी नाही, ३५ची बघा.

राहिला ठिपका. तो फोटोत येत नसेल तर धूळ कॅमेऱ्यातल्या आरशावर किंवा त्याच्या वरच्या काचेवर आहे, फोटोला तिचा त्रास नाही. लेन्स काढून, कॅमेरा खाली तोंड करून धरा आणि हाताने दाबायच्या रबरी ब्लोअरने हवा मारा. गेली तर गेली. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. आणि आरशाला कापूस, रुमाल, बोट काहीही लावू नका. घरच्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, याचा वरच असतो. एकदा चरा पडला की तो तसाच राहतो.