काढून टाका की काढून ठेवा?

निपाणीच्या एका वाचकांनी विचारलं आहे: "पिकअपच्या दुरुस्तीची पुस्तिका मराठीत करतोय. 'अल्टरनेटर व त्याचा माउंटिंग ब्रॅकेट काढून टाका' असं लिहिलं, तर गॅरेजातले मेस्त्री हसले. चुकलं काय? आणि 'खोलणे' हिंदी म्हणून टाळावं का?"

अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून गाडीची वीज तयार करणारं यंत्र, आणि ब्रॅकेट म्हणजे त्याला इंजिनावर धरून ठेवणारा आधार. मेस्त्री हसले ते 'टाका'ला. 'काढून'च्या पुढे कुठलं क्रियापद येतं, त्यावर त्या वस्तूचं पुढे काय होणार ते ठरतं. तडकलेला बेल्ट काढून टाकायचा, कारण तो परत लागणार नाही. ब्रॅकेट पुन्हा त्याच जागी बसणार, म्हणून तो काढून ठेवायचा. अल्टरनेटर तपासायला न्यायचा, तर काढून घ्यायचा. आपल्याकडच्या कानडीतही हा भेद आहेच: 'तेगेदु हाकु' आणि 'तेगेदु इडु'. त्यामुळे बेळगावच्या उद्यमबागेतल्या गॅरेजात एकाच गाडीवर मराठी आणि कानडी बोलणारे दोघे वाकलेले असले, तरी 'टाक' आणि 'ठेव' यांत घोटाळा होत नाही. तो पुस्तिकेतच होतो!

'खोलणे' टाळू नका. हिंदीत दार, डबा, दुकान सगळंच खोलतात. आपण दार उघडतो, गाठ सोडतो आणि इंजिन तेवढं खोलतो. यंत्राचे भाग सुटे करणं, हा अर्थ गॅरेजात इतका पक्का आहे की दुसरा शब्द शोधण्यात हशील नाही. पण जपून वापरा. 'अल्टरनेटर खोला' म्हटलंत, तर मेस्त्री तो गाडीवरून घेऊन थांबणार नाहीत. ब्रश, बेअरिंग, डायोडची प्लेट, रोटर सगळं बाकावर मांडतील. नुसता गाडीवरून खाली घ्यायचा असेल तर 'उतरवा'.

'सैल करा' आणि 'काढा' यांतला फरक तर बोटांशी संबंधित आहे. बेल्टचा ताण घालवायला ॲडजस्टिंग बोल्ट फक्त सैल करायचा असतो. खालचा लांब बोल्ट मात्र काढायचा, तोही शेवटी आणि अल्टरनेटर हाताने धरून. ते धूड काही हलकं नसतं. वायर, कप्लर (वायरी जोडणारा प्लग) आणि पाईप मात्र सोडवायचे.

ब्रॅकेटचा 'कंस' करू नका, तो गणितात राहू दे. 'माउंटिंग'ही गाळा, गॅरेजात त्या शब्दाने इंजिनाखालचं रबर डोळ्यांसमोर येतं. जुने मेस्त्री अल्टरनेटरलाही डायनामो म्हणतात. बोलण्यात चालेल, छापताना नको: डायनामो कम्युटेटरमधून (फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांमधून) थेट डीसी देतो, अल्टरनेटर एसी तयार करतो आणि डायोड त्याचं डीसी करतात.

मी असं लिहीन: "आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. (अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीत इंजिन बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो, पाना बॉडीला टेकला की ठिणगी.) ॲडजस्टिंग बोल्ट सैल करून बेल्ट उतरवा. मागची जाड वायर आणि कप्लर सोडवा. डिझेल गाडीत अल्टरनेटरला व्हॅक्यूम पंप जोडलेला असेल, तर त्याचे पाईपही सोडवा. ऑइल सांडेल, खाली भांडं ठेवा. ॲडजस्टिंग बोल्ट आणि मग लांब बोल्ट काढून अल्टरनेटर उतरवून घ्या. शेवटी इंजिन ब्लॉकवरचे बोल्ट काढा आणि ब्रॅकेट बोल्टांसकट काढून ठेवा."