आरोग्यविषयक प्रश्नोत्तरे : न दुखणारी जखम

प्रश्न : माझ्या सासूबाई (वय ५८) लहानपणापासून मिश्री लावतात. दीड महिन्यापासून त्यांच्या गालाच्या आतल्या बाजूला एक जखम आहे. ती दुखत नाही, म्हणून त्या डॉक्टरांकडे यायला तयार नाहीत. तुकडा काढून तपासला की कॅन्सर पसरतो, असे नातेवाईकही सांगतात. आम्ही काय करावे?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : जखम दुखत नाही यावर कृपया निर्धास्त राहू नका, कारण तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. गाल चावला गेल्याने झालेली साधी जखम दोन आठवड्यांत भरून येते. तीन आठवड्यांनंतरही न भरणारी किंवा कडा टणक लागणारी जखम तपासलीच पाहिजे. तोंडात पांढरा अथवा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतके न उघडणे, कारणाशिवाय दात हलणे किंवा मानेत गाठ लागणे यांपैकी काही आहे का, हेही पाहून घ्या. यांतला लाल चट्टा मला अधिक काळजीचा वाटतो.

तुकडा तपासल्याने तोंडाचा कॅन्सर पसरतो ही समजूत निराधार आहे, आणि त्या भीतीपायी अनेक घरांत मोलाचे महिने वाया जातात. बायोप्सीशिवाय निदान पक्के होत नाही आणि निदानाशिवाय उपचार ठरत नाहीत.

कॅन्सर निघालाच, तर पहिला उपचार बहुतेक वेळा शस्त्रक्रिया हा असतो. त्या वेळी मानेतल्या ग्रंथीही काढण्याचा सल्ला मिळाला, तर ‘मानेत गाठ नसताना कशाला?’ म्हणून नकार देऊ नका. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुरुवातीच्या टप्प्यातील ज्या रुग्णांच्या ग्रंथी आधीच काढल्या होत्या त्यांच्यापैकी ८० टक्के तीन वर्षांनंतर हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. आजार वाढलेला असल्यास शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन, आणि काहींना त्यासोबत केमोथेरपी द्यावी लागते. रेडिएशनपूर्वी दंतवैद्यांकडून दात तपासून घ्यावेत. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करा. मिश्री मात्र आजच थांबवा. ती भाजलेल्या तंबाखूचीच पूड आहे.

प्रश्न : माझे वय ५६ आहे. पाळी जाऊन चार वर्षे झाली, पण गेल्या महिन्यात दोन दिवस अंगावरून लाल गेले. आता काही त्रास नाही. तरी तपासणी करावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : होय, याच आठवड्यात करावी. पाळी गेल्यानंतर एकदाच, थोडेसे रक्त गेले तरी ते तपासावे लागते. बहुतेक स्त्रियांमध्ये कारण साधे, उदाहरणार्थ योनीमार्गाचा कोरडेपणा, असे निघते. पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचे हेच पहिले लक्षण असते. स्त्रीरोगतज्ज्ञ आतून तपासणी व सोनोग्राफी करतील आणि अस्तर जाड आढळल्यास त्याचा नमुना घेतील. हा कॅन्सर लवकर सापडला, तर अनेकींना गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया पुरते. गर्भाशयमुखाचा कॅन्सर वेगळा. तो पुढच्या टप्प्यात असेल तर शस्त्रक्रियेऐवजी रेडिएशन व केमोथेरपी एकत्र देतात. म्हणून रक्त नेमके कुठून आले, हे आधी ठरवावे लागेल.